वसीलाबाईंची न झालेली शस्त्रक्रिया

नागरिकहो, वसीलाबाईंच्या पोटावरची तीन लिटर चरबी निघाली. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. आणि ती झालीच नाही. नवरा-बायकोत तसं ठरलं होतं.

ट्युनिशियातल्या सगळ्या स्फाक्स शहराला सांगण्यात आलं, की बाई आजारी मावशीकडे जेर्बा बेटावर गेल्यात. मावशीला जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण कुणी हिशेब केला नाही. खरं माहीत होतं ते नवऱ्याला आणि ड्रेसिंगला भाड्याच्या खोलीवर येणाऱ्या नर्स मब्रूकाला.

मुलीचं, रिहाबचं, लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि व्हिडिओत आई बारीक दिसायला हवी होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, "जवळपास काही समारंभ?" बाई म्हणाल्या, "छे! कसला समारंभ?" गुपित म्हणजे गुपित, डॉक्टरांपासूनसुद्धा.

आठव्या दिवशी बाई आरशासमोर उभ्या राहिल्या. पोट पहिल्यापेक्षा मोठं, वर निळं-पिवळं.

"मब्रूका, यांनी चरबी काढली की भरली?"

"सूज आहे ती, बाई. खरा आकार दिसायला तीन महिने, कधी सहा. घट्ट पट्टा सहा आठवडे. तोवर उड्या बंद. कागदावर सगळं लिहून दिलं होतं ना?"

"मी फोटो तेवढे बघितले."

"आणि वजनाचा काटा फारसा हलणार नाही, तेही लिहिलं होतं."

"अगं, चार दिवसांवर लग्न आहे!"

मब्रूकाच्या हातातली पट्टी हातातच राहिली. "हे डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला हात लावला नसता! लग्नानंतर या म्हणाले असते!"

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे अंगणात भला मोठा मासा ठेवला. त्यावरून नवरा-नवरी सात वेळा उडी मारतात, आणि या घरात मुलीचा हात धरून आईही उडी मारते. वसीलाबाई या सात उड्यांची रिहाबच्या जन्मापासून वाट बघत होत्या.

"आई, ये ना!"

"पाय मुरगळलाय गं."

"काल तर डोकं दुखत होतं."

"ते काल."

मग वसीलाबाईंच्या बहिणीने, एकशे दहा किलोच्या हयातमावशीने, पदर खोचल्यासारखा झगा आवळला, भाचीचा हात धरला आणि सात उड्या मारल्या. अंगण हललं, बायका खिदळल्या. फक्त मासा गंभीर होता. वसीलाबाई खुर्चीत ताठ बसून टाळ्या वाजवत होत्या, कारण पट्ट्यामुळे वाकता येत नव्हतं.

महिन्याने मायलेकी व्हिडिओ बघायला बसल्या. सातव्या उडीला आईने सगळं सांगून टाकलं. रिहाबने सातवी उडी पुन्हा लावली.

"आई, मावशीच्या पोटाकडे कुणी बघितलं का गं? सगळे माशाकडे बघत होते!"

अरेरे! एवढंसं तर कळायला हवं होतं!

नागरिकहो, शस्त्रक्रिया करून घेणं हा गुन्हा नाही. पण शरीर आपल्या सवडीने भरून येतं, लग्नपत्रिका बघून नाही. कागद पूर्ण वाचा. डॉक्टरांपासून तारीख लपवू नका. आणि जो दिवस एकदाच येतो, त्या दिवशी मुलीचा हात धरायला मोकळे राहा.

सहा महिन्यांनी वसीलाबाईंचं पोट खरोखर सपाट झालं. त्याच आठवड्यात त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला:

"माननीय नगराध्यक्ष यांस, विनंती की माझ्या मुलीच्या विवाहाची नोंद रद्द करून तो पुन्हा लावण्यात यावा. वधू तीच, वर तोच. मासा त्याच दुपारी खाल्ला गेल्याने दुसरा चालेल. अर्जदार आता उडी मारण्यास सक्षम आहे."