शुक्रवारी पाचपर्यंत

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास म्हैसूरहून फोन आला आणि प्रतीक्षायादीत अडकलेल्या धम्मदिनाला कॉलेजात जागा मिळाली. अशा वेळी माणूस नाचतो, निदान शेजारणीला हाक तरी मारतो. धम्मदिनानं गॅसवरचा भात उतरवला. पाणी जरा जास्त झालं होतं म्हणून झाकण कलतं ठेवलं. मग आनंद येईल म्हणून ती ओट्यापाशी थोडी थांबली. तो आला नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

कामतघरच्या चाळीतल्या एका खोलीत ती आणि तिचे बाबा, रामदास, दोघंच राहत. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा नारपोलीतल्या कारखान्यात लूमचे, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांचे, मिस्त्री. बंद पडलेला लूम चालू करून द्यायचा हे त्यांचं तीस वर्षांचं काम, आणि त्या तीस वर्षांत लूमच्या खडखडाटानं त्यांचे दोन्ही कान खाऊन टाकले होते. आता कानाशी ढोल वाजवला तरी ते शांतपणे चहा पितील. कारखान्यात मात्र त्यांचं कुठंच अडत नसे. तिथं चांगल्या कानाच्या माणसालाही काही ऐकू येत नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघूनच बोलतात. बाबा बहिरे व्हायचे ते कारखान्याच्या दाराबाहेर पडल्यावर.

बाहेर त्यांचे कान म्हणजे धम्मदिना. बँकेत काचेआडचा माणूस मान खाली घालून काहीतरी पुटपुटायचा, ते ती बाबांकडे वळून, तोंड स्पष्ट हलवून सावकाश सांगायची. दवाखान्यात तेच, रेशनच्या दुकानात तेच. सांगताना ती थोडी छाटणीही करायची. "इस बहरे को कौन लाया" याचं "दोन मिनिटं थांबा म्हणतात" व्हायचं. शेठ फोनवर शिव्या घालायचा, त्याचं "आज लवकर बोलावलंय." तेराव्या-चौदाव्या वर्षापासून ती जग असं निवडून-पाखडून बापाच्या ताटात वाढत आली होती, आणि बाबा मुकाट्यानं जेवत आले होते.

फोन आला तेव्हा बाबा पलंगावर बसून चहा पीत होते. त्यांची ड्युटी दुपारची. धम्मदिनानं कपाटाकडे तोंड करून त्यांच्याकडे पाठ फिरवली. एका खोलीच्या घरात बहिऱ्या माणसापासून काही लपवायचं तर तेवढं पुरतं, असा तिचा समज. समोरचा माणूस हिंदीत बोलत होता, म्हणून तीही हिंदीत बोलली. "जी सर, मैं ही बोल रही हूँ. हाँ, सीट चाहिए... शुक्रवार पाँच बजे तक? जी. पापा से पूछ के बताती हूँ."

"कोन होता?" बाबांनी विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्यांचं साधं विचारणंही दोन घरं ओलांडून जायचं.

ती वळली. "म्हैसूरवाले. नंबर नाही लागला म्हणाले."

बाबा तिच्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहिले. "बरं," ते म्हणाले आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

आपण असं का बोललो, ते धम्मदिनाला सांगता आलं नसतं. तोंडाला छाटणीची सवय झाली होती. या वेळी तिनं जरा जास्त छाटलं, एवढंच.

खरं पाहता निवड अवघड नव्हती. कल्याणच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या यादीत तिचं नाव आलंच होतं. शिष्यवृत्तीमुळे फी नसल्यासारखीच. सकाळी कोनगावच्या रस्त्यानं रिक्षानं जायचं, संध्याकाळी कुकर लावायला घरी. पुढच्या सोमवारी कागद नेऊन दिले की काम फत्ते. म्हैसूरला फी, हॉस्टेल, मेस, येण्याजाण्याचं भाडं, आणि इथली सवलत तिथं चालायची नाही. पण तिथं शिकायचं होतं ते वेगळं होतं. लोकांचे कान तपासायचे, कुणाला किती ऐकू येतं ते शोधायचं, मशीन बसवून द्यायचं. बापावरूनच पोरीला हे सुचलं, असं तिची आत्या चार बायकांत कौतुकानं सांगायची. ते पूर्ण खरं नव्हतं. एका शिबिरात बाबांचे कान तपासायला नेलं होतं, तिथं काचेची एक लहानशी खोली होती. दार लावलं की आत बाहेरचा एकही आवाज येत नव्हता. जन्मल्यापासून लूमच्या खडखडाटात झोपलेल्या पोरीनं अशी शांतता पहिल्यांदाच ऐकली. अशा खोलीत बसून काम करायला मिळतं, हे कळल्यावर तिनं दुसरं काही मागितलंच नाही.

आणि बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. फॉर्म भरताना ते ओरडून म्हणाले होते, "पैशाचं मी बघतो, तू नंबर लाव." त्यामुळे पैशाचं कारण तिला घरात वापरता येत नव्हतं. बाहेर मात्र ते फार उपयोगी पडलं. पैसा नाही म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत, वर हळहळतात.

मंगळवारी समोरच्या चाळीतून आत्या आली. शांताबाई, बाबांची मोठी बहीण. तोंडानं फटकळ, पण भावावर जीव टाकणारी.

"न्हाय लागला नंबर?" ती म्हणाली. "बरं झालं बाई. इतक्या लांब, परक्या मुलखात. आनि याचं कोन बघनार? रस्त्यानं चालला तर मागून ट्रक आलेला कळत न्हाय याला. तू हायस म्हनून माझा भाऊ जिता हाय."

बाबा शेजारीच बसून चपलेचा अंगठा शिवत होते. आत्या काय म्हणते ते त्यांनी विचारलं नाही. धम्मदिनानंही सांगितलं नाही. तिनं आत्याला चहा दिला, साखर घालायची राहिली होती ती नंतर घातली.

बुधवारी मिलिंदचा फोन. मिलिंद म्हणजे नाक्यावरच्या ऑनलाइन सेंटरवाला; अर्ध्या वस्तीचे फॉर्म त्यानंच भरलेले. धम्मदिनाच्या फॉर्मला त्यानं आपलाच मेल दिला होता.

"अगं, सीट लागली ना! मेल आलाय," तो म्हणाला. "दोन्ही हातांत लाडू हायत तुझ्या. पैसे भरायला कधी येतेस?"

"पैशाचं जमत नाहीये."

"काय बोलतेस? गेल्याच आठवड्यात तुझे बाबा बँकेच्या कर्जाचे कागद झेरॉक्स करून गेले माझ्याकडून."

"मिलिंद, बाबांना काही सांगू नको. मी सांगते त्यांना."

"सांग मग. शुक्रवारी पाचपर्यंतच हाय. नंतर ती पुढच्या पोराला देतील."

तिनं हो म्हटलं. फोन ठेवून कपडे वाळत घातले. रडू येतंय का ते तिनं तपासून पाहिलं, येत नव्हतं. भीती वाटत होती का, तर तीही धड वाटत नव्हती. फक्त एक गोष्ट मनात राहून राहून खुपत होती. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी पाऊण तास भांडणारा हा माणूस लेकीचं कॉलेज गेलं तेव्हा "बरं" म्हणून आंघोळीला कसा गेला? पुन्हा फोन लाव म्हणाला नाही. का नाही लागला म्हणून विचारलं नाही. त्यांनी एकदा विचारलं असतं, एकदाच, तर तिनं खरं सांगून टाकलं असतं. ताट वाढताना ती मुद्दाम त्यांच्यासमोर तोंड ठेवून बसायची. बाबा भात कालवायचे, जेवायचे, ड्युटीला जायचे. गुरुवारही तसाच गेला.

शुक्रवारी लूमला आठवड्याची सुट्टी. सहा दिवस खडखडणारं गाव त्या दिवशी एकदम गप्प होतं, इतकं की चार घरांपलीकडची शिट्टी आपल्याच कुकरची वाटते. बाबा दिवसभर घरी होते. त्यांनी पंख्याची पाती पुसली, नळाचा वॉशर बदलला, मग काही उरलं नाही तेव्हा पलंगावर बसले. दुपारी तीनपासून ते सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. चहाची तल्लफ आली असेल म्हणून धम्मदिनानं चहा केला. तो त्यांनी अर्धाच प्यायला.

ती जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. चार वाजले. नाका पाच मिनिटांवर होता, मिलिंद दुकानात बसून होता. उठावं, चप्पल घालावी, जावं, एवढंच होतं. साडेचार वाजले. तिनं निवडलेले तांदूळ पुन्हा ताटात ओतले आणि पुन्हा निवडायला घेतले. फोन दोनदा वाजला, मिलिंदचाच असणार. तिनं तो उशीखाली सरकवला. पावणेपाच. पाच. घड्याळ पुढे गेलं, बाकी कुठं काही झालं नाही.

पाच वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा बाबा म्हणाले, "दिना, सीट लागली होती ना तुझी?"

तिनं मान वर केली. "मिलिंद बोलला?"

"न्हाय. सोमवारीच कळलं मला. कपाटाच्या आरशात तुझं तोंड दिसत होतं." ते नेहमीसारखेच मोठ्यानं बोलत होते, आणि बंद लूमच्या त्या शांततेत सगळी चाळ ऐकत होती. "हिंदीत बोलत होतीस तू. हिंदी तोंड तर मी तीस वरसं वाचतोय. शेठ तोंडावर शिव्या देतो त्या पन दिसतात मला. तू सांगत न्हायस, मी इचारत न्हाय."

धम्मदिनानं हातातले तांदूळ ताटात टाकले. "मग बोलला का नाही तुम्ही?"

"सोमवारी वाटलं, तू सांगशील. मंगळवारी वाटलं, उद्या इचारू. बँकेचे कागद तयार होते, खिशातच होते." बाबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "खोटं कशाला बोलू. तू गेलीस तर माझं काय, हेच डोक्यात. इचारलं असतं तर तुला जा म्हनायला लागलं असतं. म्हनून पाच वाजायची वाट बघत बसलो."

पलीकडच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बंद केला. शेजारच्या दारात चपला वाजल्या आणि थांबल्या.

पाच दिवस धम्मदिना बापाच्या एका प्रश्नाची वाट बघत होती, आणि बाप घड्याळाची. तिला राग आला. खरोखरचा राग, आणि त्याच्या मागोमाग काचेच्या त्या लहानशा खोलीची अशी ओढ लागली की तिला ताटाची कड धरावी लागली. बापासाठी राहिलो हे खरं होतं. पण त्यांनी एकदा जा म्हणावं म्हणून आपण सोमवारपासून तोंड समोर धरून बसलो होतो, हेही तितकंच खरं होतं, आणि ते तिला आत्ता कळलं. आता कळून उपयोग नव्हता.

दाराबाहेर माणसं होती. त्यांना हे ऐकू द्यायचं नव्हतं. म्हणून कारखान्यात बोलतात तसं, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून ती म्हणाली, "मला जायचं होतं, बाबा."

बाबा पुढे झुकले. "परत बोल."

त्यांना कळलं होतं. ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. तरी तिनं परत म्हटलं, एकेक अक्षर सुटं करून. मला. जायचं. होतं.

बाबांनी मान हलवली. मग त्यांचेही ओठ हलले, बराच वेळ हलले, आणि घरात आज पहिल्यांदा त्यांच्या बोलण्याचा आवाज आला नाही. धम्मदिनाला ते वाचता आलं नाही. ओठ वाचायला ती कधी शिकलीच नव्हती. तशी वेळच तिच्यावर आली नव्हती. बाबा बोलायचे थांबले. ती काय म्हणते याची ते वाट बघत होते. काय म्हणालात, असं तिनंही विचारलं नाही.