सत्तावन्न काळे हात

रंगमास्तरांच्या नजरेची कुणी तारीफ केली की स्वारी फुशारून जायची. कपडे रंगवायच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला तेवढा हक्क असतो म्हणा. पण त्या फुशारकीनेच त्यांचा घात केला, तोही भल्या सकाळी, मॅनेजरच्या केबिनमध्ये.

मॅनेजरने रजेचा एक अर्ज पुढे सरकवला. खाली सही नव्हती. कोपऱ्यात बोटाचा हिरवट डाग तेवढा होता.

"कुणाचा असेल, मास्तर?"

"हिरव्या हौदावरच्या दोघा भावांतल्या धाकट्याचा," मास्तर बघताक्षणी म्हणाले. "थोरला आधी पिवळ्यावर होता. त्याच्या डागात पिवळी झाक येते."

"वा! आज चिठ्ठ्या मोजायला तुम्हीच बसणार आहात ना? तेव्हा अशीच एकेक वाचायची आणि कुणाची ते मला हळूच सांगायचं. तुमची भाची अजून तात्पुरतीच आहे. संध्याकाळी पक्की करून टाकू. नाहीतर..."

पुढचं त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

तीन दिवस काम बंद ठेवून कामगारांनी हे मतदान पदरात पाडून घेतलं होतं. मुकादम मॅनेजरने नेमण्याऐवजी दर वर्षी कामगारांनी निवडायचा का, एवढाच सवाल. पण रजा कुणाला, अवघड काम कुणाला, घरी कुणाला बसवायचं, सगळं मुकादमाच्या हातात. दुपारच्या सुट्टीत 'हो' किंवा 'नाही'पुढे फुली मारायची आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. नाव लिहायचं नाही, म्हणजे भीती नाही, असं सगळे धरून चालले होते. आपल्या बोटांचा विचार एकालाही सुचला नव्हता. हातमोजे त्या कारखान्यात फक्त कागदोपत्री होते, आणि जन्मभर रंगलेला हात रंगाऱ्याला स्वतःला दिसतच नाही. अगदी भाचीलाही दिसला नाही, जिने या सगळ्याचा घाट घातला होता. तिचे हात तर कोपरापर्यंत तांबडे.

मास्तर हौदांच्या शेडमध्ये आले आणि उगाचच एका काठीने निळा हौद ढवळत राहिले. कालच चहा पिताना त्यांनी भाचीला झापलं होतं.

"हवेत इमले बांधतेस तू. पद्धती बदलून काय होतंय? खुर्चीवर माणूस चांगला पाहिजे, बस्स!"

"आणि चांगला माणूस घाबरला तर, मामा?"

तेव्हा ते हसले होते. आता हसू येईना. कारण ते स्वतः चांगले होते, याबद्दल कारखान्यात कुणाला शंका नव्हती, म्हणून तर दोन्ही बाजूंनी त्यांनाच मोजणीला बसवलं होतं. आणि ते घाबरले होते. खोटं नाव सांगावं? तेवढी धमक आपल्यात नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी एक तागा खराब झाला, तेव्हा याच मॅनेजरने डोळे वटारून विचारलं होतं, डाग कुणाच्या हाताचा? आणि मास्तर सांगून मोकळे झाले होते. तो माणूस दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतर मास्तर महिनाभर त्याच्या गल्लीतून जायचं टाळत होते. आजही आपण सांगू. भाचीचं तोंड आठवेल आणि सांगून मोकळे होऊ. स्वतःची त्यांना मनापासून किळस आली.

दुपारच्या सुट्टीचा भोंगा वाजायला दहा मिनिटं उरली होती. कोपऱ्यात काळा हौद तयार होता, दुपारच्या मालासाठी, कोमट. मास्तरांनी बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले.

"मास्तर, डोकं फिरलं काय?" हिरव्यावरचा थोरला ओरडला.

"इकडे या सगळे. मतदानाआधी प्रत्येकाने हात बुडवायचे, मग फडक्याने पुसून चिठ्ठी घ्यायची." आणि त्यांनी खरं ते सांगून टाकलं. केबिनमधलं सगळं, भाचीच्या नोकरीसकट. "मला विचारलं तर मी सांगीन. मी तसा माणूस आहे. म्हणून मला काही दिसणारच नाही असं करा."

मामाकडे बघता बघता भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग तीच पुढे आली आणि तिचे तांबडे हात काळ्यात बुडाले.

"माझ्या घरी तान्हं बाळ आहे," निळ्यावरची बाई कुरकुरली. "महिनाभर हा रंग जायचा नाही. बाळाला घेऊ कसं?"

"खुशाल घ्या. ते काही मॅनेजरला सांगायला जात नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

थोडं हसू फुटलं आणि रांग लागली. मुकादमाचा मावसभाऊ तेवढा अडून बसला. "मी नाही हात घालणार."

"नको घालूस," थोरला म्हणाला. "मग सत्तावन्नांत तुझी एकट्याचीच चिठ्ठी ओळखू येईल."

त्यानेही निमूटपणे हात घातले. भोंगा झाला, चिठ्ठ्या पेटीत पडू लागल्या, तेव्हा कुठे मुकादमाला सुगावा लागला आणि तो केबिनकडे पळाला. मॅनेजर तणतणत येईपर्यंत शेवटची चिठ्ठी पेटीत पडली होती.

मोजणी केबिनमध्येच झाली, दार लावून. पहिलीच चिठ्ठी 'हो'ची निघाली. मॅनेजरने ती मास्तरांच्या नाकासमोर धरली.

"कुणाची?"

मास्तरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. आणि खरं सांगायचं तर त्यांची नजर शोधत होती. जन्मभराच्या सवयीने, डागाच्या कडेला, कागदाच्या पाठीवर, कुठे पिवळी झाक, कुठे तांबडी. सापडलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

"साहेब, काळं आहे. ओळखू येत नाही."

"नीट बघा!"

"बघितलं. देवाशपथ नाही येत."

सत्तावन्न वेळा विचारणा झाली आणि सत्तावन्न वेळा मास्तर खरं बोलले. 'हो' एकोणचाळीस, 'नाही' अठरा. हौद नासवल्याचा लेखी खुलासा उद्या द्या, एवढं बोलून मॅनेजरने पाठ फिरवली.

भाची फाटकाशी थांबली होती. आकडा तिला आधीच कळला होता.

"तुझं पक्कं होणं गेलं बहुतेक," मास्तर म्हणाले. मान वर करवत नव्हती.

"गेलं तर गेलं." ती त्यांच्या शेजारून चालू लागली. थोडं अंतर गेल्यावर तिने हळूच विचारलं, "मामा, तुमची फुली कशावर होती हो?"

मास्तर थांबले. आपल्या काळ्याकुट्ट हातांकडे त्यांनी एकदा बघितलं.

"ते विचारायचं नाही."

"अहो, मी तर घरची!"

"घरच्यांनीही नाही," मास्तर म्हणाले आणि दोन्ही हात खिशात घातले.