रुसलेल्या जवायाची चढाई

दर दहा मिनिटांनी ईश्वरदास महाराज शिट्टी फुंकून खेळ थांबवत. मग दोन्ही संघांचे गडी प्रेरणा सिस्टरच्या टेबलाकडे पळायचे आणि मीठ-साखरेचं पाणी घटाघटा प्यायचे. खुशाल मात्र नुसती चूळ भरायचा, ती फुर्रकन उडवायचा आणि मिशा पुसत परत मैदानात.

दवनीवाड्याच्या धान कापलेल्या बांधीत, म्हणजे मोकळ्या भातखाचरात, कबड्डीची फायनल चालली होती. महाराज तसे कीर्तनकार. पण तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून खेळलेले, म्हणून पंचाची शिट्टी दरवर्षी त्यांच्याच गळ्यात. यंदा त्यांनी अट घातली होती, मे महिना आहे, खेळ नऊच्या आत आटोपायचा. मंडळानं मान डोलावली. उद्घाटन सहाला होतं. पाहुणे साडेआठला आले आणि नऊपर्यंत बोलले. आता अकरा वाजत आले होते. माती अशी तापली होती की पडलेला गडी कुणी न उठवता उठत होता.

"खुशाल, पाणी पे."

"नाही लागत, महाराज."

"कायले नाही लागत?"

"या गावचं पाणी मी पेत नाही."

खुलासा दुर्गेशनं केला. दुर्गेश दवनीवाड्याचा कप्तान आणि खुशालचा सख्खा साळा. वर्षभरापूर्वीच त्याची बहीण खुशालला दिलेली. जवाई आला की सासूनं आधी त्याचे पाय धुवायचे, मग बसायला द्यायचं, ही इकडची रीत. आज खुशाल तिरोड्याकडच्या आपल्या संघाबरोबर गावात उतरला, तर पाय धुवायला कुणीच पुढं आलं नाही.

"मी म्हटलं, भाऊजी, आज जवाई नाही, दुश्मन!" दुर्गेश हसत म्हणाला. "मजाक केली जी. त हे रुसून राहिले."

"रुसलो गिसलो नाही," खुशाल म्हणाला. "तुमाले हरवतो, मंग आमच्या गावात जाऊन पेतो."

त्याचा संघ दोन गुणांनी मागे होता आणि चार मिनिटं उरली होती. खुशाल चढाईला निघाला. एका गड्याला हात लावला, वळला आणि मध्यरेषेकडे यायचं सोडून सरळ उलट्या टोकाला जाऊन उभा राहिला.

लोक हसले. "सासर सोडवत नाही वाटते!" दुर्गेश ओरडला.

महाराज हसले नाहीत. जवळ जाऊन त्यांनी खुशालचा दंड धरला. चटका बसावा असा तापलेला, घामाचा थेंब नाही, आणि एवढ्या उन्हात अंगावर काटा.

"स्कोअर किती झाला, बापू?"

"आज... शनिवार," खुशाल म्हणाला.

महाराजांनी लांब शिट्टी मारली आणि माइक हातात घेतला. त्यांच्या कीर्तनाला बसणाऱ्यांना ठाऊक आहे: टाळ-मृदंग टिपेला पोचले की महाराज एकदम आवाज उतरवतात, आणि मग मांडवात लेकरूसुद्धा हलत नाही. तसाच आवाज उतरवून ते म्हणाले, "शामकलाबाई, तुमचा जवाई सकाळपासून दारात उभा हाय. पाय धुवाचे राहिले."

शामकलाबाई बायकांच्या घोळक्यात बसून मघापासून खुशालच्या विरुद्ध ओरडत होत्या. "कोणता जवाई? आमचा गडी बाद करणारा?" म्हणता म्हणता त्यांना त्याचा चेहरा दिसला. पाण्याच्या ड्रमात गुंड, म्हणजे पितळी घागर, बुडवून, पदर खोचून त्या धावल्या.

"बसा, जवाईबापू."

"मॅच सुरू हाय, मामी..."

"मॅच गेली चुलीत! बसा म्हणतो न!"

महाराजांनी आणि दुर्गेशनं त्याला उचलून मोहाच्या झाडाच्या सावलीत टेकवलं. पहिला गुंड पायांवर गेला. "आता डोक्यावरून वता," प्रेरणा सिस्टर म्हणाली. तिनं ओले दुपट्टे त्याच्या मानेवर आणि काखेत ठेवले, आणि प्यायला द्यायला निघालेल्या सासूबाईंचा हात धरला. "नीट बोलू द्या आधी, नाही त ठसका लागन."

दुर्गेश स्कोअरचा पुठ्ठा घेऊन वारा घालत होता. हसणं कधीच गेलं होतं. "भाऊजी, बोला न. शिव्या द्या, पण बोला."

सिस्टरनं दुपट्टे दोनदा भिजवले. मग खुशालनं डोळे उघडले. "वारा तोंडावर घाल, येड्या. मोहाले काय घालून राहिला?"

शामकलाबाईंनी हात जोडले आणि ग्लास त्याच्या ओठाला लावला. तो घोट घोट प्यायला. दवनीवाड्याचंच पाणी.

ग्लास संपला तसा तो उठू लागला. "चार मिनिटं उरले, महाराज. मी नसलो त आम्ही हारतो."

"हारा," महाराज म्हणाले. "तू दवाखान्यात जाशील. बाकी खेळ उद्या सहाला. उद्घाटन नाही, भाषण नाही."

डॉक्टरांनी दोन सलाईन लावल्या आणि आठवडाभर खेळ बंद, असं बजावलं. सकाळी खुशाल मैदानाच्या कडेला सासूबाईंनी टाकलेल्या खाटेवर बसला. चार मिनिटं खेळ झाला आणि त्याचा संघ एका गुणानं जिंकला. पोरं नाचत खाटेपाशी आली, तर हा तोंड फिरवून बसलेला.

"आता काऊन रुसले, जवाईबापू?" शामकलाबाईंनी विचारलं.

"माझ्याबिगर जिंकलेच कसे?"

दुर्गेश खाटेच्या कडेला टेकला. "तेच म्हणतो मी, भाऊजी," तो म्हणाला. "तुम्ही असते त आम्ही जिंकलो असतो."