जेवणघरातली रिकामी खुर्ची

दुपारी एक वाजता जेवणाची घंटा झाली आणि नवे बिशप आजही माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसले.

मित्रांनो, मी बिशपांच्या घरातल्या लांब टेबलाच्या टोकाची जुनी खुर्ची आहे. सुताराने मला उंच, ताठ पाठ दिली आणि बैठक वेताची विणून घेतली. धर्मप्रांताचा जो बिशप होईल, त्याने माझ्यावर बसून जेवायचे, हा या घराचा रिवाज. पाहुणे माझे कोरीव हात कुरवाळून वाहवा करीत.

मागचे बिशप याच टेबलाशी, सूप निवत असताना वारले. त्यांच्या भाराचा खोलगट ठसा माझ्या वेतावर अजून आहे. ते डावखुरे होते. स्वयंपाकीणबाई आजही पाण्याचा पेला डावीकडेच ठेवतात. धूळ झटकतात, पण मला ओढत नाहीत. कोणी बसलेले नसतानाही मी करकरते. वेत सैल झाला की आवाज होतो, एवढेच. पण कधी कधी मलाही भार जाणवतो.

नवे बिशप तो आवाज ऐकून घास खाली ठेवतात. फादर असताना ते टेबलावर सगळ्यांना हसवत. आता मित्रही त्यांना ‘आपण’ म्हणतात आणि लवकर उठतात.

काल शेजारच्या धर्मप्रांताचे म्हातारे बिशप आले. नव्या बिशपांना पहिले वर्ष सोबत करण्याचे काम त्यांच्याकडे आहे.

“ही रिकामी का?” त्यांनी विचारले.

“ती त्यांची आहे.”

“अरे, तो गेला.”

तेवढ्यात मी करकरले.

“ऐकलंत? रोज असंच. काही ठरवायला गेलो की सगळे म्हणतात, ते असते तर असं केलं असतं. मला या पदातून मोकळं करा, असं वरिष्ठांना कळवणार आहे मी.”

म्हातारे बिशप पाव मोडत म्हणाले, “तू बसलायस ना, तिथंच तो बसायचा. सुरुवातीचे कित्येक महिने. तेव्हाही मीच यायचो. म्हणायचा, आधीचे बिशप मला जेवू देत नाहीत.”

“ते? त्यांना भीती वाटायची?”

“तुझ्यापेक्षा जास्त. निदान तू सूप तरी संपवतोस.”

नवे बिशप हसले. बऱ्याच दिवसांनी.

“मग ते बसले कसे?”

“ते मी नव्हतं पाहिलं. कळवायचं तर कळव, पण उपाशीपोटी नको, आणि एकट्यानं नको. मला फोन कर.”

मी पाहिले होते. मागचे बिशप पहिल्यांदा माझ्या काठावर बसले होते, श्वास रोखून. पाठ टेकायला वर्ष लागले. मला बोलता आले असते, तर एवढेच सांगितले असते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची खुर्ची जरूर पुसा. पण शेजारी बसलेला नवा माणूस जेवला का, तेही विचारा.

आज म्हातारे बिशप सकाळीच परत गेले. नवे बिशप आता शेजारच्या खुर्चीवरून उठून माझ्यामागे उभे आहेत. त्यांनी मला टेबलापासून थोडे ओढले आहे. मी करकरले, तरी त्यांनी हात काढला नाही.

बाई दारात थांबल्या आहेत.

“ताट कुठे ठेवू?” त्या विचारतात.

नवे बिशप मला आणखी थोडे ओढतात.