अकरा टक्के

डेलने विजेची गाडी घेतल्यापासून शेजारच्या विल्मरच्या जिभेला सुट्टी नव्हती. "काय रे, आज खेळण्याला चावी दिलीस का?" तो रोज कुंपणावरून विचारायचा. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या कडाक्याच्या थंडीत बॅटरी निम्म्या वाटेतच मान टाकायची हे खरं होतं, म्हणून डेल काचेवरचा बर्फ खरवडत राहायचा. त्याची बायको लॉर्ना मात्र मनातल्या मनात विल्मरला शिव्यांची लाखोली वाहायची.

जानेवारीत बर्फाच्या ओझ्याने तारा तुटल्या आणि गावाची वीज गेली. विल्मरचा डिझेलचा जनरेटर काही केल्या सुरू होईना, आणि त्याच्या बायकोचं, एडनाचं, ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं. तो मान खाली घालून लॉर्नाच्या दारात आला. डेलने गाडीच्या बॅटरीतून घरात वायर ओढून मशीन जोडलं. एडना दोन दिवस त्यांच्याच सोफ्यावर झोपली.

तिसऱ्या दिवशी वीज आली. विल्मरने गाडीत डोकावून बॅटरीचा आकडा वाचला. "अकरा टक्के! आता एडनाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर काय गाडी ढकलत न्यायची?"

लॉर्नाने हातातला कॉफीचा मग टेबलावर आपटला. पण तिच्याआधी एडनाच बोलली, "विल्मर, तू जा घरी. मी इथेच जेवणार आहे."