व्हिडिओत पुष्पाबाई नव्हती

परसरामने माउसचं बटण दाबलं, तोवर पडद्यावरची सायकल गाडीच्या नाकासमोर येऊन ठेपली होती. खाली शून्य उमटलं. आधीच्या व्हिडिओलाही शून्यच होतं. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसून पुन्हा घातला आणि त्या शून्याकडे असं पाहिलं, की जणू शेजाऱ्याचं पार्सल चुकून आपल्या दारात आलं आहे.

शेजारी उभा असलेला योगेंद्र चुकचुकला. हा योगेंद्र पवनीतल्या एका शाळेच्या बसगाड्यांचा कारभार पाहायचा. वयाने पोरगेला, पण मनाने चांगला. शाळेने यंदा नवी टूम काढली होती. लायसन आहे, बॅज आहे, एवढ्यावर भागणार नाही. प्रत्येक ड्रायव्हरने कॉम्प्युटरवर धोका ओळखण्याची परीक्षा द्यायची. ड्रायव्हरच्या सीटवरून काढलेला रस्त्याचा व्हिडिओ सुरू होतो. कुठे धोका तयार व्हायला लागला, की बटण दाबायचं. लगेच दाबलं तर पाच गुण, जसजसा उशीर तसे कमी, आणि फारच उशीर झाला की शून्य. उगाच टकटक दाबत बसलं तरी शून्यच, म्हणजे नशिबावर हवाला ठेवायचीही सोय नाही. दोनदा नापास होणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही, असा नियम होता.

बाकीचे ड्रायव्हर पास झाले. त्यातला एक तर तंबाखू मळता मळता झाला. नापास झाला तो परसराम, आसगावची बस बारा वर्षं चालवणारा, एकाही पोराला ओरखडा न येऊ देणारा. योगेंद्रने त्याला सोमवारी पुन्हा बसायला सांगितलं आणि घरी नीट सराव करा म्हणून बजावलं.

गंमत अशी, की सराव तर त्याने भरपूर केला होता. योगेंद्रने पाठवलेले व्हिडिओ तो आठवडाभर मोबाइलवर पाहत होता आणि मोबाइलवर त्याला पाचाखाली गुण क्वचितच पडत. खरं सांगायचं तर त्याला त्या खेळाचा नादच लागला होता. उभी मोटार म्हणजे धोका नव्हे. तिचं दार किलकिलं झालं, की तिथून धोका सुरू. पोरगं काठावर उभं आहे तोवर काही नाही. त्याने चेंडूकडे पाहिलं, की बोट बटणावर. इतकी वर्षं तो ब्रेक मारत आला होता, पण धोका नेमका कुठून सुरू होतो, हा विचार त्याने कधी केला नव्हता. आता तो जिथे तिथे तेच शोधू लागला. एका सकाळी चुलीवरच्या दुधाकडे बघत त्याने बायकोला विचारलं, की हे उतू जायला कधीपासून लागते? मंगलाबाईने पातेलं उतरवलं आणि म्हणाली, तुम्ही नुसते पाहत बसता ना, तेव्हापासून.

मग मोबाइलवर पास आणि कॉम्प्युटरवर नापास, हे काय गौडबंगाल? एखादी गोष्ट अशीच का, हे कळेपर्यंत परसरामला चैन पडत नसे. आधी त्याने माउसवर संशय घेतला. पण माउस दाबता येत होता. मग चष्म्यावर घेतला. पण चष्मा दिवाळीतला होता आणि दुकानातल्या पाटीवरची शेवटची ओळही त्याने घडाघडा वाचली होती. मंगलाबाईचं मत पडलं, की कॉम्प्युटरच्या खोलीत साहेब लोक असतात, म्हणून तो घाबरला असेल. हे त्यालाही थोडंसं पटलं. थोडंसंच.

रविवारी मुलगी रुचिता भंडाऱ्याहून आली. ती तिथे बी.एड. करत होती. बापाची अडचण ऐकून तिने मोबाइलमधला व्हिडिओ घरच्या टीव्हीवर लावून दिला. परसराम खुर्ची ओढून टीव्हीच्या पुढ्यात बसला आणि पुन्हा तेच झालं. वासरू रस्त्याच्या मधोमध आल्यावर तो "वासरू" म्हणाला. रुचिताने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात कोंबडी घरात शिरली. तिला हाकलायला तो उठला, दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावरून सहज वळून पाहिलं, तर टीव्हीवर कडेच्या झुडपामागून एक बकरी नुकतीच तोंड काढत होती. "बकरी," तो म्हणाला. अगदी वेळेवर. रुचिताला वाटलं, व्हिडिओ पाठ झाला असेल. तिने कधी न पाहिलेला लावला. उंबऱ्यावरून तोही बरोबर आला. मग परसरामने खुर्ची पुढे घेतली, मागे नेली, पुन्हा पुढे घेतली. लांबून सगळं दिसे. जवळून कडेचं काहीच दिसत नसे, मधोमध आलं की मगच एकदम दिसे. जवळ बसल्यावर पडदा मोठा होत होता आणि त्याची नजर मात्र तेवढीच राहत होती.

रुचिता हसली. लोकांना जवळून दिसतं, माझ्या बापाला लांबून, असं काहीतरी म्हणाली. परसराम हसला नाही. त्याने टीव्ही बंद करायला सांगितला आणि अंगणात जाऊन बसला.

सोमवारी सकाळी त्याने बस काढली ती नेहमीपेक्षा हळू. पुढच्या दाराजवळच्या सीटवर पुष्पाबाई होती. पोरांना चढवायचं, उतरवायचं, मोजायचं हे तिचं काम. पण तिचं खरं काम बोलणं, असं सगळी बस म्हणे. तिचं तोंड म्हणून कधी थांबत नसे. भाऊ, बकरी. भाऊ, सायकलवालं पोरगं. भाऊ, धानाची बैलबंडी वळून राहिली. मागची पोरं तिच्या नकला करत आणि परसरामही गालात हसे. आज मात्र तो कान देऊन ऐकत होता. आधी तिचा आवाज येत होता, त्यानंतर त्याचा पाय ब्रेकवर जात होता, आणि मग काचेत ती वस्तू येत होती. पवनीपर्यंत एकदाही हा क्रम उलटा झाला नाही.

व्हिडिओत पुष्पाबाई नव्हती. गौडबंगाल एवढंच होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका बंडीला बसचा आरसा घासला होता आणि त्याने खाली उतरून बंडीवाल्याला चांगलं झापलं होतं. त्या दिवशी पुष्पाबाई भाचीच्या लग्नाला गेली होती.

पोरं उतरून गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं. पुष्पाबाई सीटखालची डब्याची पिशवी काढत होती. तो जागेवरून न उठता म्हणाला, "तुमाले माहीत होतं."

तिने पिशवी मांडीवर घेतली. कशाबद्दल, असं तिने विचारलंही नाही. "मागच्या वर्षीपासून," ती म्हणाली.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी घरी बसले असते, भाऊ. आन मी बोलत होतीच ना."

"आन एखाद्या दिवशी तुमाले ताप आला असता तं?"

परसरामला आठवलं, की भाचीच्या लग्नानंतर या बाईने एकही सुट्टी घेतली नाही. एकदा तर ती डोक्याला फडकं बांधून, कण्हत आली होती आणि कण्हता कण्हता बकऱ्या मोजत होती. त्याला तिचा भयंकर राग आला. मागे चाळीस लेकरं बसलेली असताना ही बाई आपल्या जिभेवर गाडी हाकत होती. आणि त्याच वेळी, इतकं आपल्यासाठी सख्ख्या बहिणीनेही केलं नसतं, असंही त्याला वाटलं. तो उतरला आणि कॉम्प्युटरच्या खोलीकडे चालू लागला.

योगेंद्र वाटच पाहत होता. परसरामची ही शेवटची संधी, म्हणून बिचाऱ्याने चहाही मागवून ठेवला होता. तिथली खुर्ची चाकांची होती. परसराम बसला आणि त्याने दोन्ही पाय रेटून खुर्ची मागे ढकलली, पार भिंतीला टेकेपर्यंत. माउस बिनवायरचा होता. तो त्याने मांडीवर घेतला. योगेंद्रला नवल वाटलं, पण खुर्ची कुठे ठेवायची याचा काही नियम नव्हता.

व्हिडिओ सुरू झाला. डावीकडच्या बोळातून एका स्कूटरचं पुढचं चाक डोकावलं आणि परसरामने बटण दाबलं. पाचपैकी पाच. योगेंद्रने खूश होऊन त्याच्या खांद्यावर थाप मारली.

आता असंच बसून राहिलं तर पास, हे परसरामला स्वच्छ कळलं. बस राहील, बारा वर्षांचा रस्ता राहील, गावात शिरताना लोक ड्रायव्हरसाहेब म्हणतात तेही राहील. कोणाला काही कळणार नव्हतं. ज्या एकीला कळलं होतं, ती जन्मात सांगणार नव्हती. दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. त्याने माउस मांडीवरून उचलला आणि योगेंद्रच्या हातात दिला.

"थांबव बापू. हे खुर्ची मागं जाते," तो म्हणाला. "गाडीतली नाही जात."

योगेंद्रला आधी काहीच उमगेना. सगळं ऐकल्यावर त्याने व्हिडिओ बंद केला. त्या संध्याकाळी आसगावची बस त्याने स्वतः नेली आणि दुसऱ्या दिवशी परसरामला स्वतःच भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. हा कडेकडेने नजर खात येतो आणि मधली नजर शेवटपर्यंत तशीच ठेवतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलं ते परत येणार नाही. राहिलेलं टिकवायला थेंब घालायचे, ते न चुकता. परसरामने एकच विचारलं, की हे कुठून सुरू झालं असेल? डॉक्टर म्हणाले, ते कोणालाच सांगता येत नाही.

शाळेने त्याला गेटवर बसायचं काम दिलं. पहिल्या दिवशी तो त्याच बसने निघाला, पुष्पाबाईच्या मागच्या सीटवर, खिडकीजवळ. पोरांनी त्याला जागा करून दिली. नवा ड्रायव्हर चांगला होता. गाडी दचकवत नव्हता. डॉक्टरांनी मान फिरवून बघायची सवय लावा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा परसराम मान फिरवून रस्त्याची कड बघत होता. मळणीचे ढीग, कुणाच्या अंगणातली नवी मोटारसायकल, शेंगांनी लगडलेला शेवगा. बारा वर्षं ज्या रस्त्याने गेला, त्याच्या कडेला एवढं सगळं होतं.

धरणात गाव गेलेल्या लोकांची वसाहत आली. तिथल्या पुलावर एक माणूस बसला होता. बस दिसताच तो उठला आणि त्याने हात वर केला.

"कोणाले हात करून राहिला तो?" परसरामने विचारलं.

"तुमाले जी," पुष्पाबाई म्हणाली. "ताराचंदभाऊ नाही का ते? गाडी दिसली का रोजच करते. त्याले कुठं माहीत, आता तुमी चालवत नाही म्हणून."

ताराचंद. सातवीपर्यंत दोघं एका बाकावर होते आणि नदीत एकाच म्हशीच्या पाठीवर बसून पोहायला शिकले होते. त्याचं गाव बुडाल्यापासून भेट नव्हती. कुठे गेला, जिवंत आहे की नाही, याचाही परसरामला पत्ता नव्हता.

"रोज?"

"दोन वर्स झाले. मले वाटलं, तुमचं बोलणं बंद आहे."

परसरामने घाईघाईने खिडकीची काच सरकवली आणि हात बाहेर काढला. बस तोवर पूल ओलांडून पुढे आली होती. त्याने मान वळेल तितकी वळवली. ताराचंद खाली पाहत घराकडे निघाला होता. परसराम तरीही हात हलवत राहिला.

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "काका, हात आत घ्या," तो म्हणाला.

परसरामने हात आत घेतला.