कोमातली रजा

सेटवर सगळे तिला आत्याबाई म्हणत, कारण मालिकेत ती खाष्ट आत्या होती. एरवी बाई म्हणजे गरीब गाय. पण पडद्यावर लोकांचे संसार मोडता मोडता तिला स्वतःच्या घरी जायला सवड म्हणून उरली नव्हती. मुलीचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण पोर, सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला. फोनवर म्हणाली, "आई, मला तुझ्या मालिकेत तरी घे. निदान रोज भेटशील." लागलं हो ते आत्याबाईला.

आता रजा मागायची म्हणजे काय सोपं काम आहे? इथे सकाळी लिहायचं, दुपारी शूटिंग उरकायचं आणि संध्याकाळी ते लोकांनी बघायचं, सगळा हातघाईचा मामला. त्यामुळे सेटचा एक अलिखित कायदा होता: रजा मागेल तो जिन्यावरून पडेल. धाकट्या सुनेने स्वतःच्या लग्नासाठी रजा मागितली आणि ती पडली. परत आली तेव्हा दुसरीच बाई तिचे कपडे घालून तिच्या नवऱ्यासाठी रडत होती. तरीही आत्याबाईने मनाचा हिय्या केला आणि लेखकाला गाठलं. तो मेकअपच्या खोलीत आरशाखाली बसून पानं खरडत होता.

"बाबा रे, मला खुशाल पाड. पण मारू नकोस."

"कोमात घालतो," लेखक म्हणाला. "काढा हवी तेवढी रजा."

आत्याबाईने त्याला तोंडभर आशीर्वाद दिले. दुसऱ्याच दिवशी कळलं, ही तर आगीतून फुफाट्यात. उशाशी येऊन रडायला अख्ख्या घराची रांग लागली, आणि प्रत्येकाच्या रडण्यात हिचा चेहरा हवाच. पूर्वी मधूनमधून बसायला तरी मिळे. आता सकाळपासून आडवी, वर शिंकायची चोरी. कसली रजा आणि कसलं काय.

अशीच ती डोक्याला बँडेज बांधून पडली होती, थोरली सून पायाशी हंबरडा फोडत होती, आणि चादरीखाली फोन थरथरला. तिने एक पापणी किलकिली करून पाहिलं. जावयाचा निरोप होता: कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात नेतोय, सारखी तुम्हालाच विचारतेय.

आत्याबाई उठून बसली.

दुसरीकडे कुठे असती तर दिग्दर्शकाने तिथल्या तिथे सगळं थांबवलं असतं. पण ऐन वेळी पानं बदलायची इथे सगळ्यांना सवय. थोरल्या सुनेला वाटलं, नवं पान आपल्यापर्यंत पोचलंच नाही. तिने हंबरडा तिथेच गिळला आणि हसून म्हणाली, "आत्या शुद्धीवर आल्या." दिग्दर्शकाला वाटलं, लेखकाने बदललं. लेखकाला वाटलं, दिग्दर्शकाने. विचारून स्वतःचं हसं कोण करून घेणार? आत्याबाईने खाटेखालच्या चपला पायात सरकवल्या, सुनेच्या गालावरून हात फिरवला, "येते गं," म्हणाली आणि निघाली. कॅमेरा फाटकापर्यंत इमानाने मागे गेला. तिथून तिने टॅक्सी केली.

दवाखान्यात बँडेज पाहून परिचारिका आधी तिलाच आडवी करायला निघाली. "अहो, आडवी पडून पडून तर कंटाळलेय," आत्याबाई म्हणाली, "माझी मुलगी कुठाय ते सांगा." मुलीने तिला त्या अवतारात पाहिलं आणि हसावं की रडावं तेच तिला कळेना. मग पुढची कळ आली, आणि तिने आईचा हात जो धरला तो नात जन्मेपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी लेखकाचा फोन आला. "आत्याबाई, भाग लागला आत्ता. लोक वेडे झालेत. पण तुम्ही निघालात कुठे ते तेवढं सांगा, उद्याचं लिहायचंय."

"मुलीच्या बाळंतपणाला."

"आत्याला मुलगी कुठाय?"

"आहे. कधी कुणी विचारलंच नाही."

पलीकडे थोडा वेळ नुसतं पेन चाललं. "मग महिनाभर तरी तिकडेच राहावं लागेल तुम्हाला," लेखक गंभीरपणे म्हणाला. "लगेच परत आणलं तर लोकांना पटायचं नाही."

तिने फोन ठेवला. बाळाला कुशीत घेऊन पडलेली मुलगी सगळं ऐकत होती.

"म्हणजे घेतलंस मला मालिकेत शेवटी," ती म्हणाली.

आत्याबाईने डोक्याचं बँडेज सोडलं आणि त्यानेच डोळे पुसले.